हळदीचा पिवळा, आकाशातले पट्टे आणि नवा कॅमेरा: एडिटिंग-ग्रेडिंग शिकायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: सातारा भागात लग्नाच्या फिल्म्स करतो, अधूनमधून छोटे माहितीपटही. कॅमेरा सोनी ए७ थ्री. एस-लॉग३ मध्ये (सोनीचं फिकं चित्र देणारं प्रोफाइल, रंग नंतर द्यायचे असतात) शूट करतो आणि नेटवरून घेतलेले लट (LUT, रंग बदलणारी तयार कोष्टकं) लावतो. हळदीत चेहरे भडक नारिंगी होतात, मांडवात हिरवट दिसतात आणि आकाशात पट्टे पडतात. कर्ज काढून सोनीचाच एफएक्स३ कॅमेरा घ्यावा का? आणि एडिटिंग, ग्रेडिंग (शूटनंतर रंग आणि उजेड जुळवणं) नीट शिकायचं तर कुठून सुरू करू?

उत्तर:

कर्ज आत्ता काढू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि त्यातल्या एकाच ठिकाणी कॅमेऱ्याची मर्यादा आड येते. उरलेल्या दोन गोष्टी तुम्ही आहे तसाच एफएक्स३ वर घेऊन जाल. तिथेही चेहरे नारिंगी होतील, मांडवात हिरवे दिसतील, फक्त हप्ते सुरू झालेले असतील.

कॅमेऱ्याची मर्यादा आहे ती आकाशातल्या पट्ट्यांत, म्हणून आधी तेच बघू. ए७ थ्री व्हिडिओ नोंदवतो तो ८-बिटमध्ये. म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १०-बिटमध्ये त्याच १०२४ होतात. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये २५६ पुरतात, कारण त्यात उजळ भागातल्या एका स्टॉपला (उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप) साधारण ४० ते ६० पायऱ्या मिळतात. एस-लॉग३ ची रचना निराळी आहे. सेन्सर जेवढा म्हणून उजेड पकडतो तो सगळा त्याच पट्टीवर बसवायचा असतो, त्यामुळे मधल्या आणि उजळ भागात प्रत्येक स्टॉपच्या वाट्याला १०-बिटमध्ये ७८ च्या आसपास पायऱ्या येतात आणि ८-बिटमध्ये जेमतेम २०. आता संध्याकाळचं मोकळं आकाश घ्या. क्षितिजापासून वरपर्यंत उजेडात अर्ध्या स्टॉपचा फरक आहे. त्याला मिळाल्या १० पायऱ्या. फ्रेमची उंची २१६० पिक्सेल, त्यातलं निम्मं आकाश, म्हणजे एकेक पायरी शंभरेक पिक्सेल रुंद झाली. त्यावर तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवणारा लट लावता आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर आणखी ताणलं जातं. जो पट्टा दिसतो तो हाच. एरवी सेन्सरच्या बारीक नॉइजने पायऱ्यांच्या कडा थोड्या झाकल्या गेल्या असत्या, पण कॅमेऱ्यातलं कॉम्प्रेशन सपाट भागातला तो नॉइजही पुसून टाकतं.

यावर उपाय एकच: ८-बिट कॅमेऱ्यावर एस-लॉग३ वापरू नका. तुमच्या कॅमेऱ्यात पिक्चर प्रोफाइल ५ आणि ६ मध्ये अनुक्रमे सिने१ आणि सिने२ गॅमा (उजेडाचं चित्रात रूपांतर करणाऱ्या वक्ररेषा) आहेत. लग्नाच्या कामाला मी सिने१ सुचवेन. हायलाइट बऱ्यापैकी सांभाळतो, सावल्यांत नॉइज कमी ठेवतो आणि ग्रेडिंगला पुरेशी जागा देतो. लॉगइतकी डायनॅमिक रेंज (गडद ते उजळ असा एकूण आवाका) मिळत नाही, खरं आहे. पण जी मिळते ती सलग मिळते. शूट होऊन गेलेल्या पट्ट्यांवर पक्का इलाज नाही. कॉन्ट्रास्ट कमी ठेवून वर ग्रेनची हलकी ओव्हरले क्लिप टाकली तर डोळ्याला ते कमी जाणवतात, एवढंच.

इथेच आणखी एक सांगून ठेवतो, कारण तुमच्या गळ्यात कोणीतरी हे मारेल. बाहेरचा रेकॉर्डर लावला की १०-बिट मिळतं, असं सांगून तो विकला जातो. ए७ थ्रीच्या एचडीएमआय पोर्टमधून सिग्नलच ८-बिट निघतो. रेकॉर्डर तो १०-बिट फाईलमध्ये भरेल, पण नसलेल्या पायऱ्या आणणार कुठून? रंगाचं सॅम्पलिंग (रंगाची माहिती किती दाट नोंदवली जाते ते) मात्र ४:२:० ऐवजी ४:२:२ मिळतं. हिरव्या पडद्यासमोरच्या कामात त्याचा उपयोग आहे, लग्नात फारसा नाही.

लॉग सोडण्याचा दुसरा फायदा उन्हात कळतो. तुमच्या कॅमेऱ्यात एस-लॉग३ ला आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नाही. भर दुपारच्या उन्हात शटर १/५० आणि लेन्स २.८ ठेवायची तर आयएसओ ८०० ला सुमारे ९ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागतो. सिने१ मध्ये आयएसओ १०० ला तेच काम ६ स्टॉपमध्ये होतं. व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की चित्रात फुलीसारखा काळा डाग येतो आणि रंगही ढळतो. ९ स्टॉपला तुम्ही त्याच टोकावर असता. ६ स्टॉपचा साधा, स्थिर, चांगल्या काचेचा एनडी घ्या. त्याने तुमच्या चित्रात जो फरक पडेल तो कुठल्याही लटने पडणार नाही.

शटर १/५० म्हणालो, म्हणून फ्रेमरेटचंही बोलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. १/५० किंवा १/१०० शटरला ते जुळतं. ३० फ्रेमवर १/६० ठेवलं की हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकायला लागतात. तुमच्या कॅमेऱ्यात ३० फ्रेमला आणखी एक नुकसान आहे. ४के २५ फ्रेमवर तो सेन्सरची पूर्ण रुंदी वाचतो, सुमारे ६के एवढी माहिती घेऊन ती ४के मध्ये आवळतो आणि चित्र फार स्वच्छ येतं. ३० फ्रेम केली की १.२ पट क्रॉप लागतो. मेनूत पाल (PAL, ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत) निवडा, ४के, २५ फ्रेम, १/५० आणि कायम तिथेच राहा. स्लो मोशन हवं असेल तेवढ्यापुरतं १०८० मध्ये जा.

आता हळद. हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण हळद नीट टिपणं भल्याभल्यांना अवघड जातं आणि आपल्याकडे ती प्रत्येक लग्नात असते.

पडद्यावर पिवळा रंग म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळपास शून्य. कोवळ्या उन्हात ओली हळद लावलेला गाल घ्या. लाल चॅनेल छताला टेकलेला असतो, निळा तळाला, आणि जे काही तपशील उरतात ते एकट्या हिरव्यात. हळदीचा ओलसरपणा, बोटांचे ओढलेले माग, कपाळावर वाळत आलेली कड हे सगळं त्या तीन चॅनेलमधल्या छोट्या फरकांतून दिसतं. दोन चॅनेल टोकाला गेले की तो चेहरा रंगाचा एक सपाट ठिपका होतो. तुम्हाला जो भडक नारिंगी दिसतो तो हाच. पिवळ्यातला हिरवा थोडा दबला आणि लाल तसाच राहिला की नारिंगी.

हे शूट करताना लक्षात का येत नाही? कारण आपण झेब्रावर (ठरवलेल्या उजळपणाला स्क्रीनवर तिरप्या रेघा दाखवणारी सोय) विसंबतो आणि झेब्रा बघतो एकूण उजळपणा. रेक ७०९ या एचडी व्हिडिओच्या रंगमानकाच्या हिशोबात उजळपणात लालचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ आणि निळ्याचा ७ टक्के. झेंडूच्या फुलावर लाल १०० टक्के, हिरवा ६० आणि निळा ५ असला तर एकूण उजळपणा भरतो ६५ च्या आत. झेब्रा १०० वर लावलेला असेल तर तो गप्प बसेल आणि लाल केव्हाच कापला गेलेला असेल. म्हणून हळदीला, झेंडूच्या तोरणांना, कुंकवाला आणि जेजुरीच्या भंडाऱ्यालाही एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवल्यावर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा. चित्र कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर थोडं मंद वाटेल. वाटू द्या. सावली नंतर उचलता येते, कापलेला लाल परत येत नाही.

दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची. तो ऑटोवर असेल तर फ्रेममध्ये एवढा पिवळा पाहून कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे आणि तो चित्र निळ्याकडे ढकलतो. नवरीची मावशी पांढऱ्या भिंतीसमोरून गेली की परत उलटा येतो. एकाच शॉटमध्ये रंग हलला तर ग्रेडिंगमध्ये तो की-फ्रेम (एकाच क्लिपमध्ये जागोजागी बदलणारी सेटिंग) लावून सरळ करत बसावं लागतं, आणि पन्नास क्लिपवर ते कोणी करत नाही. केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, हाताने ठरवा. मोकळ्या उन्हात ५६००, सावलीत ७००० च्या आसपास, हॅलोजनखाली ३२००. आकडा थोडा चुकला तरी चालेल, सगळ्या शॉटमध्ये सारखा राहिला पाहिजे. सारखी चूक एका फटक्यात दुरुस्त होते.

मांडवातल्या हिरव्या चेहऱ्यांचं कारण बहुतेक वेळा वर पाहिलं की सापडतं. अंगणावर हिरवी शेडनेट ताणलेली असते. तिच्यातून गाळून येणारा उजेडच हिरवट असतो. कापडी मांडव असेल तर गुलाबी, पिवळा, जो रंग असेल तो. हा रंग कॅमेरा बनवत नाही, तिथे तो खरोखर असतो. आपला मेंदू तो वजा करतो, सेन्सर करत नाही. इथे नुसता केल्विन पुरत नाही, कारण केल्विन निळ्या-पिवळ्याची बाजू सांभाळतो. हिरवा काढायला मजेंटाकडे सरकावं लागतं. सोनीच्या व्हाइट बॅलन्स मेनूत त्यासाठी चौकोनी जाळी आहे, तिच्यावर हिरवा-मजेंटा अक्ष असतो. त्याहून चांगलं म्हणजे करड्या कार्डावर, त्या नेटच्या खालीच धरून, कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे करवलीला सांगून पाट चार फूट बाहेरच्या बाजूला सरकवून घ्या, म्हणजे मोकळ्या आकाशाचा उजेड चेहऱ्यावर बाजूने येईल. सकाळी लवकर जाऊन एवढं विनवलं तर कोणी नाही म्हणत नाही. ग्रेडिंगची निम्मी मेहनत त्या चार फुटांत वाचते.

रात्रीच्या स्टेजवर हाच त्रास जांभळ्या आणि निळ्या पार लाइटचा (स्टेजवरच्या गोल दिव्यांचा) असतो. एलईडीचा गडद निळा चेहऱ्यावर पडला की लाल आणि हिरव्यात काही उरतच नाही. लाइटवाल्याशी आधी बोला, चेहऱ्यांवरचे पार साध्या पांढऱ्यावर घ्या आणि रंग मागच्या पडद्यावर राहू द्या. शिवाय स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो, त्याने त्वचा मेलेली, राखाडी दिसते. स्वतःचा दिवा घ्याल तेव्हा नुसता सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) पाहू नका, आर९ चा आकडा विचारा. गडद लालचा तो आकडा आहे आणि तो सीआरआयच्या नेहमीच्या सरासरीत धरलेला नसतो.

आता लट. लट म्हणजे आकड्यांचं कोष्टक: अमुक लाल-हिरवा-निळा आत आला तर तमुक बाहेर द्यायचा. नेहमीच्या लटमध्ये ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, म्हणजे ३५,९३७ नोंदी असतात आणि मधले रंग अंदाजाने भरले जातात. आत येणारं चित्र योग्य एक्स्पोजरचं, योग्य व्हाइट बॅलन्सचं आणि ठरावीक प्रोफाइलचं आहे, असं ते कोष्टक गृहीत धरतं. तुमचा शॉट पाऊण स्टॉप खाली आणि हिरवट असेल तर त्याला ते कळायला मार्ग नाही. ते हिरव्यालाही तेवढंच ताणतं. शिवाय विकत मिळणारे बरेचसे लट परदेशातल्या मंद उजेडावर आणि फिकट त्वचेवर बसवलेले असतात. ते आपल्या दुपारच्या उन्हावर आणि आपल्या माणसांवर लावले की ओठ, गाल, कुंकू सगळं एकाच विटकरी रंगात जातं.

त्याऐवजी दा विंची रिझॉल्व शिका. अमेरिकेतल्या दा विंची सिस्टम्सची ही रंगप्रणाली एके काळी काही लाख डॉलरची होती. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये मोफत आवृत्ती काढली. मोफत आवृत्तीत अल्ट्रा एचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं. तुमच्या कामाला एवढं भरपूर झालं. नॉइज रिडक्शन स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं, ते पुढे पाहू. एडिटिंग आणि ग्रेडिंग एकाच ठिकाणी होतं, ही शिकणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे.

जुन्या लॉग क्लिपसाठी त्यात कलर स्पेस ट्रान्सफॉर्म नावाचं साधन आहे. शेवटच्या नोडवर (नोड म्हणजे रिझॉल्वमधला एकेका दुरुस्तीचा टप्पा) ते ठेवा, आत एस-गॅमट३.सिने आणि एस-लॉग३, बाहेर रेक ७०९ आणि गॅमा २.४. गॅमट मॅपिंगमध्ये सॅचुरेशन कॉम्प्रेशन निवडा, हळदीचा आणि जांभळ्या एलईडीचा भडकपणा तिथेच बराच बसतो. एक्स्पोजर आणि रंगाचा तोल सांभाळणारे नोड त्याच्या आधी ठेवायचे. लट लावूनच काम करायचं असेल तरी हाच क्रम पाळा: तोल आधी, लट नंतर. मात्र सिने१ मध्ये शूट केलेल्या क्लिपवर लॉगचे लट लावू नका, त्या जवळजवळ तयार चित्रासारख्याच असतात.

शिकताना पहिले काही आठवडे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, स्कोपवर ठेवा. डोळा जुळवून घेतो. दहा मिनिटं हिरवट चित्र पाहिलं की तेच बरोबर वाटतं. वेव्हफॉर्म उजळपणा दाखवतो, परेड तिन्ही चॅनेल वेगळे दाखवतो, व्हेक्टरस्कोप रंगाची दिशा आणि गडदपणा दाखवतो. हळदीची एक क्लिप परेडमध्ये उघडा. लालचा माथा वर सरळ रेघेत कापलेला दिसेल, निळा तळाशी चिकटलेला. आता ऑफसेटने (पूर्ण चित्र एकदम वरखाली करणारं चाक) चित्र थोडं खाली घ्या. लालची ती सरळ रेघ तशीच सरळ राहून खाली आली, तर समजा की शूटमध्येच कापलं गेलं आहे. तिला चढउतार असतील तर माहिती शिल्लक आहे, काम होईल. हा एक प्रयोग करून पाहिलात की पुढच्या शूटला तुमचा हात आपोआप एक्स्पोजर खाली घेईल.

व्हेक्टरस्कोपवर त्वचेची रेघ असते, पिवळा आणि लाल यांच्या मधोमध जाणारी. रिझॉल्वमध्ये ती सेटिंगमधून चालू करावी लागते. माणूस कोल्हापूरचा असो की नॉर्वेचा, त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण त्वचेखालचं रक्त सगळ्यांचं तेच. फरक पडतो तो उजळपणात आणि गडदपणात. म्हणून ही रेघ कामाची आहे, पण दोन ठिकाणी ती फसवते. हळद लावलेला चेहरा रेघेवर ओढून आणू नका. तो खरोखर पिवळा आहे, पिवळाच दिसला पाहिजे. अशा शॉटमध्ये तोल पांढऱ्या उपरण्यावरून किंवा भिंतीवरून धरा, आणि त्वचा तपासायची तर हळद न लागलेला हात किंवा बाजूला बसलेली आई तपासा. दुसरं ठिकाण उजळपणाचं. त्वचेला झेब्रा ७० वर ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी आहे. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांना ४५ ते ६० मध्ये ठेवलं की त्यांचा पोत आणि चमक राहते. ७० ला नेलंत तर कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा फटक होतो.

यजमानांकडून "जरा गोरं करा" अशी फर्माईश येते. माझं मत स्पष्ट आहे: करू नये. नवरी जशी आहे तशी सुंदर दिसेल असा उजेड द्यावा, डोळ्यांत चमक आणावी, सावली मऊ करावी, पण तिचा रंग बदलू नये. दहा वर्षांनी ती फिल्म लावेल तेव्हा त्यात ती स्वतः दिसली पाहिजे. शिवाय गोरं करण्याच्या नादात हिरव्या शालूची आणि मुंडावळ्यांतल्या मोत्यांची जी वाट लागते, ती कोणाच्याच नजरेतून सुटत नाही.

ग्रेडिंगचा सराव कसा करावा? एकाच प्रसंगातले दोन शॉट घ्या, एक उन्हातला, एक सावलीतला. फक्त लिफ्ट, गॅमा, गेन (अनुक्रमे सावली, मधला भाग आणि उजळ भाग हलवणारी चाकं) आणि ऑफसेट वापरून दुसरा पहिल्याला जुळवा. कर्व्ह नाही, मास्क नाही, लट नाही. व्यावसायिक ग्रेडिंगचा मोठा भाग हा जुळवणीचाच असतो. शॉट एकमेकांशी जुळले की निम्मं "सिनेमॅटिक" तिथेच येतं. लुक शेवटी, आणि तोही पूर्ण फिल्मवर एकच, हलका.

तुमच्या प्रश्नात एडिटिंग शेवटी आलं आहे. शिकताना ते पहिलं घ्या. वाईट कापलेली फिल्म ग्रेडिंगने सुधारत नाही. उलट मात्र चालतं. साध्या रंगाची, नीट कापलेली फिल्म घरचे पुन्हापुन्हा बघतात.

अंतरपाटाचा प्रसंग घेऊ. आपल्या लग्नाच्या फिल्ममध्ये याहून चांगला प्रसंग नाही, कारण नाट्य त्यात मुळातच आहे. दोघं समोरासमोर, मध्ये कापड, एकेक मंगलाष्टक "सावधान" वर येऊन थांबतं, अक्षता पडतात, पुन्हा सुरू. बहुतेक जण यावर फिल्मी गाणं टाकतात आणि अंतरपाट खाली येतानाचा शॉट स्लो मोशनमध्ये ताणतात. मी मूळ आवाज ठेवतो. शेवटच्या अष्टकाला आधी कापड धरलेल्या हातांचा शॉट, हात थोडे थरथरतात, कारण धरून धरून दुखायला लागलेले असतात. मग नवरीची खाली वळलेली नजर. मग कापडाच्या वरच्या कडेतून नवऱ्याची नुसती मुंडावळी. "सावधान" चा शेवटचा स्वर चालू असतानाच कट करून रुंद शॉटवर जायचं, कापड खाली, अक्षतांचा सडा, आणि तिथे थांबायचं. तीन-चार सेकंद काहीच कापायचं नाही. वाजंत्री फुटते ती त्याच शॉटवर. मग नवरीचा चेहरा. आवाज सलग आणि चित्र बदलतंय, एवढ्यानेच प्रेक्षक मांडवात जाऊन बसतो. यातलं काहीही महागड्या कॅमेऱ्यावर अवलंबून नाही. पण तुमच्याकडे हातांचा, नजरेचा आणि रुंद असे तीनही शॉट हवेत, आणि ते घ्यायचं भान एडिटिंग करूनच येतं. म्हणून सांगतो, स्वतः शूट केलेलं स्वतः कापा.

कटचा एक नियम मनात ठेवा: चित्र आणि आवाज एकाच जागी कापण्याची सवय मोडा. पुढच्या प्रसंगाचा आवाज थोडा आधी आणा, किंवा आधीच्या प्रसंगाचा आवाज पुढच्या चित्रावर थोडा रेंगाळू द्या. जात्याची घरघर आधी ऐकू येते, मग जातं दिसतं. आणि भटजींच्या माइकचा स्वच्छ आवाज हवा असेल तर साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरवर लाइन घ्या. कॅमेऱ्यावरचा माइक मांडवात फक्त गोंगाट घेतो.

सरावासाठी लग्नं वापरू नका, तिथे घाई असते. कल्हईवाला, कुंभार, घरी पापड लाटणाऱ्या बायका, असं हातांचं काम शूट करा आणि दोन मिनिटांची फिल्म कापा. मग त्याच क्लिपमधून दुसरी कापा, क्रम बदलून, निवेदन न टाकता. एकाच मालातून दोन वेगळ्या फिल्म निघाल्या की एडिटिंग समजायला लागतं. माणसांकडून शिकायची इच्छा असेल तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट छोटे अभ्यासक्रमही घेते, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

टाइमलाइन अडकत असेल तर लॅपटॉप बदलण्याआधी प्रॉक्सी (मूळ फाईलच्या हलक्या प्रती) करा. तुमच्या कॅमेऱ्याची फाईल एक पूर्ण फ्रेम ठेवते आणि पुढच्या फ्रेममधले फक्त बदल लिहिते. मधला कुठलाही फ्रेम दाखवायचा तर संगणकाला आजूबाजूच्या फ्रेमवरून तो रचावा लागतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटच्या प्रॉक्सीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असतो, म्हणून मागेपुढे सरकवणं हलकं जातं. प्रॉक्सीवर कापा, ग्रेडिंगला मूळ फाईलवर या.

मॉनिटरबद्दल थोडक्यात. लॅपटॉपचा नाइट लाइट बंद, ऑटो ब्राइटनेस बंद, मागची भिंत करडी किंवा पांढरी, खोलीत रंगीत दिवा नको. जमेल तेव्हा कॅलिब्रेशनचा प्रोब (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) घ्या आणि स्क्रीन ६५०० केल्विन व १०० निट्सच्या (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) जवळ आणा. मॅकवर क्विकटाइममध्ये फाईल फिकी दिसते आणि व्हीएलसीमध्ये गडद, म्हणून घाबरून ग्रेड बदलू नका. तो गॅमाच्या टॅगचा घोळ आहे, एक्स्पोर्टमध्ये रेक ७०९-ए चा टॅग निवडला की मॅकवरचा फरक बराच मिटतो. यूट्यूबला २५ फ्रेमचा ४के व्हिडिओ ३५ ते ४५ मेगाबिटवर द्या. आणि यजमानांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलात तर तुमची सगळी मेहनत कॉम्प्रेशनमध्ये जाईल आणि पट्टे पुन्हा दिसतील.

आता खरेदी. माझा क्रम असा: ६ स्टॉपचा एनडी, करडं कार्ड, साऊंड रेकॉर्डर, एक चांगल्या आर९ चा एलईडी, कॅलिब्रेशन प्रोब, रिझॉल्व स्टुडिओ, जे एकदाच घ्यायचं असतं, आणि त्यानंतर कॅमेरा. एफएक्स३ तुम्हाला देईल ते १०-बिट ४:२:२, म्हणजे एस-लॉग३ मध्ये स्टॉपला त्या ७८ पायऱ्या, आणि आयएसओ १२,८०० ला दुसरा बेस (नॉइज पुन्हा कमी होतो ती दुसरी पातळी), ज्याने रात्रीच्या वरातीत चित्र आश्चर्यकारक स्वच्छ येतं. ते खरोखर मोठं आहे. पण दिवसाउजेडी तपशिलात तुमचा ए७ थ्री त्याच्यापुढे कमी पडत नाही. ६के मधून आवळलेलं ४के आहे ते.

पुढचं लग्न असेल तेव्हा एफएक्स३ दोन दिवस भाड्याने आणा. हळद आणि वरात, दोन्ही कॅमेरे शेजारी लावून शूट करा. ए७ थ्री सिने१ वर आणि एफएक्स३ एस-लॉग३ वर. दोन्हींचे शॉट रिझॉल्वमध्ये एकमेकांना जुळवून बघा. तुमच्या वर्षभराच्या कामात वरातीसारखे रात्रीचे प्रसंग जास्त असतील आणि तिथला फरक यजमानांनाही दिसत असेल, तर मग बँकेत जा.